फ्लायओव्हरवर नाव आहे, पण माहिती कुठंय?

संपादक महोदय,

गोरेगावच्या फ्लायओव्हरला समाजवादी नेत्या मृणालताई गोरेंचं नाव दिलंय, छान, पण आजच्या पोरांना त्या कोण ते माहीतच नाही, आणि मोठ्यांनाही फक्त पाण्यासाठी लढणारी 'पाणीवाली बाई' एवढंच आठवतं. १९७२ ला महागाईविरोधात कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांसोबत त्यांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं, आणीबाणीत जेल भोगला, १९७७ ला खासदार झाल्या. आणि मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच, गर्भलिंग तपासणीविरोधात १९८६ मध्ये विधानसभेत त्यांनी खासगी विधेयक आणलं, १९८८ ला महाराष्ट्रात कायदा झाला, दिल्लीचा, म्हणजे केंद्राचा कायदा तर १९९४ चा! महापालिकेने पुलाखाली एवढं लिहिलेला एक बोर्ड लावावा, होर्डिंगला जागा मिळतेच की.

– एक वाचक, गोरेगाव