सेटवर गाणे हा नवा शोध नव्हे

महोदय,

व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून झालेल्या 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकाच्या २०१२ सालच्या चित्रपटाचा विषय निघाला, की नटांनी गाणी सेटवरच गायली, असे पहिल्यांदाच घडले, असे हमखास लिहिले जाते. ते बरोबर नाही. पार्श्वगायन रूढ होण्याआधी बोलपटांतले नट कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात. आपल्या 'अयोध्येचा राजा'त (१९३२) गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी तेच केले.

मुद्दा केवळ तपशिलाचा नाही. १९६४ चा 'माय फेअर लेडी' हा चित्रपट पाहा. शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' केली, त्याच्यावरच्याच संगीत नाटकाचा हा चित्रपट. पडद्यावर नायिका एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी गायिका मार्नी निक्सन यांनी गायली. तिला शिकवणारा प्राध्यापक हिगिन्स झालेले रेक्स हॅरिसन मात्र आधीच मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला तयार नव्हते. ते अर्धे बोलत, अर्धे गात, आणि दर वेळी वेगळे म्हणत. शेवटी त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला गेला. त्यामुळे हिगिन्स चिडला की शब्द त्याला त्याच क्षणी सुचताहेत असे वाटते. एलायझा गाऊ लागली की मला तो आवाज खोलीबाहेरून आल्यासारखा वाटतो. निक्सन यांचा गळा सुरेख आहे, पण पात्र जिथे अडखळायला हवे तिथे तो अडखळत नाही.

'ले मिझराब्ल'मध्ये नटाच्या कानात फक्त पियानो वाजत होता, वाद्यवृंद नंतर चढवला. म्हणजे कुठे थांबायचे ते नटाने ठरवले. रंगमंचावर कारखान्यात काम करणारी फाँतीन आपल्या मोडलेल्या स्वप्नाचे गाणे नोकरी गेल्यावर लगेच म्हणते. चित्रपटात ते केस, दात आणि शेवटी शरीरही विकल्यानंतर येते. कॅमेरा हातभर अंतरावर आहे, आवाज फाटतो आणि तो फाटलेलाच ठेवला आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा असलेला आवाज नाटकात असा फाटून चालत नाही. हा बदल मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटतो.

पण तीच जवळीक सगळ्यांनाच लावल्याने घात होतो. पहिल्या अंकाच्या शेवटी सारी पात्रे एकाच रंगमंचावर, आपापल्या चिंता घेऊन एकत्र गातात, तेव्हा अंगावर काटा येतो. पडद्यावर त्याचे सुटे चेहरे झाले आणि समूह नाहीसा झाला. उलट ह्यूगोच्या १८६२ च्या कादंबरीतले जे नाटकात मावले नव्हते, त्यातले काही परत आले: पॅरिसच्या बास्तीय चौकातल्या हत्तीच्या भल्यामोठ्या पुतळ्यात राहणारा रस्त्यावरचा पोरगा गाव्रोश, नायक व्हालजाँला आसरा देणारा मठ. नाटकाचा चित्रपट करणाऱ्याने मूळ पुस्तक पुन्हा उघडावे, ते यासाठी.

एक विनंती. 'माय फेअर लेडी'च्या श्रेयनामावलीत निक्सन यांचे नाव नव्हते. आपल्या परीक्षणांत यापुढे नटांच्या नावाबरोबर प्रत्यक्ष कोण गायले आणि सेटवर गायले की स्टुडिओत, एवढे अवश्य छापावे.

– एक वाचक