काठिण्य पातळी पेपर काढणाऱ्याला विचारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय विज्ञान स्पर्धेच्या लेखी परीक्षेवरून पालक आणि आयोजक यांच्यात जुंपल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पालक म्हणतात, पेपर मुलांच्या आवाक्याबाहेरचा होता. आयोजक म्हणतात, स्पर्धा म्हटली की पेपर कठीण असणारच, शिवाय प्रश्न अनुभवी शिक्षकांनीच काढले होते. मी चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. त्यांपैकी पंधरा-सोळा वर्षे अशा स्पर्धांचे पेपर काढले आणि तपासले. त्या जोरावर सांगते की या भांडणात दोघांकडेही पुरावा नाही. पुरावा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात असतो आणि तो गठ्ठा निकालानंतर रद्दीत जातो.

बी.एड.ला आम्हाला संविधान तक्ता, म्हणजे पेपरचा आराखडा, करायला शिकवले होते. उद्दिष्टांनुसार, घटकांनुसार, प्रश्नप्रकारांनुसार गुणांची वाटणी करायची. एक रकाना काठिण्य पातळीचा : सोपे, मध्यम, कठीण. तो रकाना आम्ही कसा भरायचो, तर प्रश्नाकडे नुसते बघून! आपल्याला उत्तर पटकन सुचले की सोपा, आकडेमोड करावी लागली की कठीण. पुढे शाळेत, तालुक्याच्या स्पर्धांत, सगळीकडे हाच रिवाज दिसला. पेपर काढणाऱ्या दोन शिक्षकांनी ‘तीस टक्के सोपे, पन्नास मध्यम, वीस कठीण’ असे लिहून सही केली की झाले.

एका वर्षी सातवीच्या पेपरात मी एक प्रश्न ‘सोपा’ म्हणून टाकला. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगतो आहे. तो वितळल्यावर पाणी सांडेल, पातळी उतरेल, की आहे तेवढीच राहील? त्याच पेपरात घनतेचे एक गणित ‘कठीण’ म्हणून होते. गणित बहुतेकांनी बिनचूक सोडवले, कारण गाइडात तसेच्या तसे होते, फक्त आकडे वेगळे. बर्फाचा प्रश्न पाचात एकालाही धड आला नाही. बहुतेकांनी पाणी सांडवले. माझा ‘सोपा’ त्या पेपरातला सगळ्यांत कठीण प्रश्न निघाला. त्या दिवसापासून मी तो रकाना पेन्सिलीने भरू लागले.

खरे तर हे मोजायची रीतही बी.एड.लाच शिकवतात, परीक्षा झाली की ती विसरायची, एवढेच. पदविश्लेषण म्हणतात तिला. गुणांप्रमाणे उत्तरपत्रिका लावायच्या, वरच्या सत्तावीस टक्के आणि खालच्या सत्तावीस टक्के बाजूला काढायच्या. शंभर मुले असतील तर दोन्हीकडे सत्तावीस. समजा एक प्रश्न वरच्या गटातल्या २२ जणांना आला आणि खालच्या गटातल्या ६ जणांना. दोन्ही मिळून ५४ पैकी २८, म्हणून काठिण्यमूल्य ०.५२. दोन गटांतला फरक १६, त्याला २७ ने भागले की भेदनमूल्य ०.५९. पहिला आकडा सांगतो प्रश्न किती जणांना जमला. (नाव काठिण्यमूल्य, पण आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा! हे नाव ठेवणाऱ्याने वर्गात कधी शिकवले नसावे.) दुसरा आकडा सांगतो की ज्याला विषय येतो आणि ज्याला येत नाही, त्यांच्यात हा प्रश्न फरक करतो की नाही. शंभर प्रश्नांची ही मोजणी आता ओएमआरच्या, म्हणजे यंत्राने वाचलेल्या उत्तरपत्रिकांच्या, फाइलवरून तासाभरात होईल. आम्ही ती चहा पीत, कागदावर रेघा मारून मोजत, दोन संध्याकाळी करायचो.

दुसरा आकडा का हवा, ते मला एका मुलीने शिकवले. प्रश्न होता : पाणी किती अंशाला उकळते? पर्यायांत ९०, ९५, १०० आणि १०५. उत्तरसूचीत १००. पाचगणीहून आलेल्या त्या मुलीने ९५ ला गोल केला होता आणि बक्षीस समारंभानंतर मला गाठून विचारले, “बाई, कुठलं पाणी? आमच्याकडचं की मुंबईचं?” महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे, पाचगणी त्याहून थोडी खाली. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. म्हणजे तिच्या घरचे पाणी पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळते. आमच्या वाईतही ते शंभराला पोहोचत नाही. मी परत जाऊन तो प्रश्न तपासला. वरच्या गटातल्या बऱ्याच मुलांनी ९५ लिहिले होते, खालच्या गटाने मुकाट १००. भेदनमूल्य शून्याच्या खाली गेले होते. असा प्रश्न कठीणही नसतो आणि सोपाही. तो चुकलेला असतो. पण नुसते ‘किती टक्के मुलांना आला’ एवढेच पाहिले असते तर आम्ही त्याला ‘मध्यम’ म्हणून मोकळे झालो असतो.

भाषेमुळेही प्रश्न उगाच कठीण होतो. आता दहावीच्या पुस्तकात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ असते; आमच्या पिढीने ‘वक्रीभवन’ शिकवले. पेपर काढणारा निवृत्त, सोडवणारा पंधरा वर्षांचा. बादलीतले नाणे वर उचललेले का दिसते हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते, फक्त प्रश्नातला शब्द त्याने कधी ऐकलेला नसतो. इंग्रजीतून उतरवलेल्या प्रश्नांत तर वाक्य तीनदा वाचावे लागते. मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या मुलांचे प्रश्नवार आकडे शेजारी ठेवले की असे प्रश्न लगेच उघडे पडतात. ते कोणी ठेवत नाही.

आणि वेळ. उत्तरपत्रिकेतले शेवटचे वीस गोल सलग ‘ब’ दिसले की समजावे, मुलाला वेळ पुरलेला नाही आणि पर्यवेक्षकांनी ‘पाच मिनिटं राहिली’ म्हटले आहे. ते वीस प्रश्न अवघड होते की सोपे, हे त्या मुलाने वाचलेलेच नसते.

आता आयोजकांच्या ‘कठीण असणारच’ या उत्तराकडे येते. शंभर प्रश्न, चार पर्याय, उणे गुण नाहीत, असा पेपर घ्या. डोळे मिटून गोल काळे करणाऱ्याला सरासरी २५ गुण मिळतात. पण ही सरासरी झाली. हजार मुलांनी असे डोळे मिटून पेपर सोडवला, तर त्यांतल्या पंचवीसएक जणांना ३४ किंवा त्याहून जास्त पडतील, निव्वळ नशिबाने. पेपर इतका अवघड काढला की बहुतेक मुले तिशीच्या आसपास घुटमळली आणि पुढच्या फेरीची रेषा ३४ वर आली, तर निवड कशाची झाली? आपण त्या मुलांचे फोटो छापतो, आणि एका गुणाने राहिलेली मुलगी घरी जाऊन सांगते की मला विज्ञान जमत नाही. अतिकठीण पेपर हुशार मुले शोधतो हा समज साफ खोटा आहे. एका मर्यादेपलीकडे तो सोडत काढतो.

आपल्या देशात विज्ञान ऑलिम्पियाडची, म्हणजे शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची, पहिली पायरी असलेल्या राष्ट्रीय परीक्षा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना, म्हणजे आयएपीटी, घेते. पुढचे टप्पे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळते. त्या पहिल्या पायरीवर एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नाला ३ गुण आणि चुकल्यास १ वजा. हिशेब करून पाहा : चारांत एकदा ३ मिळणार, तीनदा १ जाणार. आंधळ्या नेमबाजीची कमाई शून्य. शिवाय पात्रतेची किमान रेषा त्या त्या वर्षीच्या पहिल्या दहा जणांच्या सरासरीशी बांधण्याचा नियम तिथे राहिला आहे, त्या सरासरीच्या निम्मी. पेपर अवघड गेला की रेषा आपोआप खाली येते. आधीच ‘साठ टक्के हवेत’ म्हणून बसण्यापेक्षा हे किती शहाणपणाचे!

आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड १९६७ साली वॉर्सात सुरू झाले. प्रश्न दरवर्षी यजमान देश काढतो, त्यामुळे पेपर कधी सोपा, कधी महाकठीण. तिथे बरीच वर्षे पहिल्या तिघांची सरासरी म्हणजे शंभर टक्के धरून त्याच्या ९० टक्क्यांना सुवर्ण, ७८ ला रौप्य, ६५ ला कांस्य द्यायचे. तिघे अचाट निघाले की बाकीच्यांचे सुवर्ण हुकायचे. मग नियम बदलला आणि पदके स्पर्धकांच्या संख्येच्या प्रमाणात द्यायला सुरुवात झाली : वरच्या ८ टक्क्यांना सुवर्ण, २५ टक्क्यांपर्यंत रौप्य, निम्म्यापर्यंत कांस्य. २०१५ साली हे ऑलिम्पियाड मुंबईत भरले होते. तिथे पाच तासांचा लेखी पेपर ३० गुणांचा आणि पाच तासांचेच प्रयोग २० गुणांचे असतात. परीक्षेआधी सगळ्या देशांचे मार्गदर्शक प्रश्नांवर भांडतात, रात्र जागून आपापल्या भाषेत उतरवतात आणि तपासणीनंतर पुन्हा गुणांवर भांडतात. आपल्याकडे पेपर काढणाऱ्याशी भांडलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावत नाहीत.

प्रमाणात पदके देण्याचा उपाय मात्र पुरता नाही, हेही सांगायला हवे. सीईटीच्या पर्सेंटाइलमुळे, म्हणजे शंभरांतली किती मुले आपल्या मागे आहेत या आकड्यामुळे, हा विषय आता घराघरांत पोहोचला आहे. एका सत्राचा पेपर अवघड, दुसऱ्याचा सोपा, तर पर्सेंटाइल तो फरक भरून काढतो. पण पेपरच वाईट असेल तर पर्सेंटाइल त्याला चांगला करत नाही. सगळ्यांनी डोळे मिटून गोल केले तरी कोणीतरी ९९ पर्सेंटाइलला असणारच.

मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. असे टप्पे असतील तर लेखी पेपरचे काम चाळणीचे. दहातले एक मूल पुढे न्यायचे असेल, तर त्या रेषेच्या जवळपासच्या मुलांना साधारण निम्मे प्रश्न यावेत असा पेपर हवा. पन्नासातल्या पन्नास मुलांना शाबासकी द्यायची असेल तर पेपर वेगळा. आधी हे ठरवायचे आणि मग प्रश्न काढायचे. आमच्याकडे प्रश्न आधी जमतात, चाळणीची भोके केवढी हवीत ते निकालाच्या आदल्या रात्री ठरते.

म्हणून आयोजकांना माझी विनंती अगदी लहान आहे. उत्तरसूची प्रसिद्ध करता, तिच्या शेजारी आणखी दोन रकाने छापा : प्रश्न किती टक्के मुलांना आला, आणि भेदनमूल्य. ज्या प्रश्नाचे भेदनमूल्य शून्याखाली गेले तो रद्द करा, सगळ्यांसाठी. पुढच्या वर्षी जुन्यातले आठ-दहा चांगले प्रश्न थोडे फिरवून पुन्हा घाला, म्हणजे यंदाची मुले कच्ची की यंदाचा पेपर कठीण, याचे उत्तर हातात राहील. आधी चाचणी घेतली तर पेपर फुटतो, ही भीती मला मान्य आहे. पण परीक्षेनंतर मोजायला काय हरकत आहे?

माझ्याकडे अशा मोजणीच्या दोन वह्या अजून आहेत. सुमारे चारशे प्रश्न, प्रत्येकापुढे दोन आकडे, काहींपुढे लाल शाईत ‘पुन्हा विचारू नये’. कोणा आयोजकांना हव्या असतील तर वाईला येऊन घेऊन जाव्यात. बर्फाच्या पेल्याचा प्रश्न पहिल्या वहीत, सहाव्या पानावर आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
वाई, जि. सातारा