परदेशी करारावर सही करण्याआधी

महोदय,

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची मुलं परदेशी बास्केटबॉल लीगची स्वप्नं पाहू लागली आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो. पालक मात्र फक्त पगाराचं विचारतात. भारताच्या सतनामसिंग भमाराला २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. निवड झाली म्हणजे करार झाला असं नाही.

खरी मेख करारात असते. रक्कम कर कापून हातात येणारी आहे की कर आपण भरायचा? घर, विमानाचं तिकीट, विमा कोणाकडे? वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यास करार मोडतो का, दुखापतीत पगार चालू राहतो का? हे सगळं लेखी हवं. मानधन थकलं तर जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाता येतं, पण तसं कलम करारात असेल तरच. एजंटकडे फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, परवाना हवाच. क्लबच्या निवड चाचणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. दुसऱ्या देशात खेळायला लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या देशाच्या महासंघाचं ना-हरकत पत्र, लागतं, आणि वयाच्या १८ वर्षांआधी असं स्थलांतर अपवादानेच होतं.

तयारीतही अशीच काळजी हवी. आपल्याकडच्या सिमेंटवर तळ गुळगुळीत झालेले बूट लाकडी कोर्टवर घसरतात, म्हणून चाचणीची जोडी वेगळी ठेवावी. क्लबला निवडक बास्केटची चित्रफीत पाठवू नये. पूर्ण सामना पाठवावा. बचावात पाय कसे हलतात, हे त्यातच दिसतं.

— एक बास्केटबॉल मार्गदर्शक, भुसावळ