यंदाची चटणी मी केलीय, रागवू नका

प्रिय आई, बाबा,

शनिवारी पार्सल येईल, वर्षाची चटणी आहे त्यात. हो, तुम्हाला न विचारताच केली, इथे पुण्यात डंकावर कुटून आणली. आई तू पहिलं मिरचीचं विचारशील, तर बेडगी दोन किलो, संकेश्वरी अर्धा किलो आणि लवंगी एकही नाही. बाकी कांदा, लसूण, खोबरं, तीळ सगळं तुझ्याच मापाने. रंग असा आलाय की बाबांना कळणारही नाही. (कळेल, माहितीय.)

फोनवर सांगितलं असतं तर भांडणच झालं असतं. गेल्या महिन्यात कोल्हापूरला आले तेव्हा रात्री दोनला बाबा खुर्चीत बसलेले, छातीवर हात, आणि मला बघून म्हणे काही नाही गं, उकडतंय. जानेवारीत!

बाबा, तुम्ही पाठवलेला मेसेज वाचला, अल्सर मिरचीने नाही, जंतूने होतो. बरोबर आहे, त्या शोधाला 2005 चं नोबेलपण आहे. पण पेनकिलरनेही होतो हे त्यात नव्हतं, आणि तुम्ही गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊन रविवारी मिसळीला जाता, वर कट मागून घेता. शिवाय तुमचा त्रास अल्सरचा नाहीच ना, एंडोस्कोपीत आलंय तसं ॲसिड वर येतं, अन्ननलिका आधीच सोलवटलीय आणि त्यावरून तिखट जातं. मिरचीने खरं भाजत नाही म्हणे, 43 अंशांच्या वर चटका बसला की जी नस जागी होते तीच नस मिरचीही जागी करते, मेंदूला वाटतं आग लागली. तांबडा रस्सा ओरपताना तुम्ही टॉवेलने डोकं पुसायचा ते म्हणूनच, मला लहानपणी वाटायचं बाबांची ताकद बाहेर येतेय.

चौथीत मी पैजेवर लवंगी चावली होती, आठवतं? आई तू हातातला तांब्या काढून घेतलास आणि तोंडात सायीचं दही कोंबलंस, आणि बाबा मला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होते. ते तिखट पाण्यात विरघळतच नाही, दुधादह्याने उतरतं, हे मी आत्ता वाचलं. तुला तेव्हा कुणी सांगितलं होतं?

आता ऐका. जेवण आठच्या आत, मग तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, नुसत्या उशा चढवून उपयोग नाही. गुडघ्याची गोळी जेवल्यावरच, आणि ती चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचारा, मी विचारलं की ते म्हणतात बाबांनाच बोलू द्या. शी काळी झाली तर लाजू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि छातीत दुखून घाम आला, हात भरून आला तर ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसायचं नाही, आधी शेजारच्या काकांना उठवायचं, मग मला फोन.

रविवारची मिसळ बंद करा असं म्हणत नाहीये हां, फक्त कट नको, वर दही घ्या. मित्र हसले तर हसू देत.

आणि जुन्या चटणीची बरणी फडताळात शोधू नका, येताना मीच उचलून आणली. खात नाही मी ती. सहा महिने झाले मलाही ॲसिडिटीची गोळी चालू आहे, तुम्हाला बोलले नव्हते. कधीतरी झाकण उघडून नुसता वास घेते.

तुमची,
चिमी