जुन्या घोंगड्यांना सूत द्या : वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जुन्या घोंगड्या आणि जेन (बसायचे जाड लोकरी अंथरूण) यांच्या दुरुस्तीसाठी हातकताईचे सूत व बेलापुरात एक गाळा मिळण्याबाबत.

महोदय,

२०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी आणि खणाच्या पंगतीत घोंगडीलाही पान मांडले गेले, हे बरे झाले. पण धोरणाचा भर नव्या विणकामावर आहे. आधीच विणून झालेल्या आणि आज फाटत चाललेल्या मालाविषयी हे पत्र आहे.

तो माल नवी मुंबईत भरपूर आहे. बाजार समितीच्या आधाराने सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोलीत स्थिरावली. गावाकडून येताना घोंगडी आली, बसायला जेन आली. आता इमारत पुनर्विकासाला निघाली की पोटमाळा रिकामा होतो आणि हा ऐवज भंगाराच्या टेम्पोत जातो. कुणी तो वाचवून धुवायला टाकलाच, तर बहुतेक वेळा धुण्यातच त्याचा जीव जातो.

कारण ही लोकर वेगळी आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ आणि रंगाने मुळातच काळी. धनगरांनी कातरायची, बायकांनी चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, कातायची, सनगरांनी खड्डा मागावर विणायची, अशी ही साखळी. विणण्याआधी उभ्या सुताला चिंचोक्याची खळ कुंच्याने चढवतात. घोंगडी ताठ असते, पावसाचे पाणी अंगावरून ओघळून जाते, त्यात या खळीचाही वाटा आहे. पण खळ म्हणजे पिठूळ पदार्थ. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते, कसर लागते. लोकर खाणारी अळी वेगळीच. ती घडीच्या आत, अंधारात काम करते आणि घडी उघडेपर्यंत कळत नाही.

घरगुती उपाय बहुधा नुकसानच करतात. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि घुसळण एकत्र आली की लोकर आटून नमद्यासारखी, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरी पट्टीसारखी, घट्ट होते, ती पुन्हा सुटत नाही. ब्लीचमध्ये तर लोकर अक्षरशः विरघळते. ओल्या लोकरीची ताकद कमी होते, त्यामुळे भिजलेली घोंगडी दोरीवर टाकली की स्वतःच्याच वजनाने ताणून उसवते. ‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोग सरकारी कामाला लागू पडतो तसा इथेही पडतो. काठीने झोडपणे हा आणखी एक आवडता प्रकार. धूळ निघते, जुनी सुतेही तुटतात.

किडीसाठी औषध फवारण्यापेक्षा थंडी चांगली. घोंगडी पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करायची आणि उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर हवेतले पाणी थंड लोकरीवर दवासारखे बसते आणि आपणच बुरशीला आमंत्रण देतो. यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. तुर्भे-पावणे पट्ट्यात शीतगृहे आहेत, त्यांतली एक फळी भाड्याने मिळाली तरी पुरे.

मग स्वच्छता. जाळी अंथरून कमी जोराच्या व्हॅक्यूमने दोन्ही बाजूंनी धूळ ओढायची. धुण्याआधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा सुती कपडा काही मिनिटे दाबून पाहायचा. लोकरीचा मूळ काळा रंग सुटत नाही, काठातला लाल मात्र दगा देतो. धुवायचेच ठरले तर कोमट पाणी, सौम्य साबण, चोळणे नाही, आणि सावलीत जाळीवर आडवे वाळवणे.

खरी अडचण पुढे येते, भोक विणून काढताना. चार इंच लांब-रुंद भोक घ्या. इंचाला १२ सुते धरली तर उभी ४८ सुते भरावी लागतात. प्रत्येक सूत दोन्ही बाजूंना शाबूत विणीत सव्वा इंच आत न्यायचे, म्हणजे एकाची लांबी साडेसहा इंच. उभी आठ मीटर, आडवीही तेवढीच. नागमोडी वीण आणि वाया जाणारे तुकडे धरून एका भोकाला साधारण २० मीटर सूत लागते. सुई बोथट हवी, टोकदार सुई जुने सूत चिरते. सूत किंचित ढिले ठेवायचे आणि टोकांना गाठ मारायची नाही. गाठ पायाखाली टोचते आणि झिजून पुन्हा भोक पाडते. शिलाई मशीन आणि पॉलिएस्टर दोरा तर नकोच. तो दोरा लोकरीपेक्षा चिवट, म्हणून ताण आला की ठिगळ टिकते आणि कडेची घोंगडी फाटते.

सुताचा पीळ मूळ सुताच्याच दिशेचा लागतो. उलट्या पिळावर उजेड वेगळा पडतो आणि दुरुस्ती दहा फुटांवरून ओळखू येते. शिवाय काळी लोकर उन्हाने तपकिरी होते, म्हणून नवे कुळकुळीत काळे सूत जुन्या अंगावर डागासारखे दिसते. तपकिरी झाक असलेली लोकर निवडून कातावी लागते. असे सूत बाजारात विकत मिळत नाही. मांसासाठी माडग्याळ मेंढीला मागणी आहे, तिच्या अंगावर लोकर कमी. काळ्या लोकरीला भाव इतका पडलेला की कातरणीची मजुरी निघत नाही, आणि कातरलेली लोकर फेकली जाते. इकडे आम्ही २० मीटर सुतासाठी दुसरी फाटकी घोंगडी उसवतो. एक वाचवायला दुसरी मारायची, हा काही उपाय नव्हे.

म्हणून मागणी छोटी आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महामंडळाची मेंढी प्रक्षेत्रे आहेत. तिथली किंवा धनगर वाड्यांवरची दख्खनी लोकर योग्य मजुरी देऊन हाताने कातून घ्यावी. काळे, तपकिरी आणि करडे अशा तीन छटा, दोन जाडी, वर्षाला ५० किलो, आणि प्रत्येक लडीवर पिळाची दिशा लिहिलेली. हे सूत दुरुस्ती करणाऱ्याला विकत मिळावे, फुकट नको.

दुसरे, सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये एक कायमचा गाळा. हाट सिडकोचा आहे, आपल्या खात्याचा नाही, हे आम्ही जाणतो. पण आपल्या एका पत्राने जे होईल ते आमच्या दहा अर्जांनी होणार नाही. आठ बाय चार फुटांची दोन टेबले, खिडकीचा उजेड, आर्द्रतामापक आणि आठवड्यातून दोन दिवस बसणारा सनगर विणकर. त्याला रोजंदारी नव्हे, कारागिराचे मानधन.

तिथेच घोंगडी ओळखण्याची सोयही व्हावी. प्रदर्शनांत ‘अस्सल घोंगडी’ म्हणून गिरणीची ॲक्रिलिक ब्लँकेटे सर्रास खपतात. कडेचा एक धागा जाळला की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, ती लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ते प्लास्टिक. गाळ्यावर एक मेणबत्ती आणि चिमटा ठेवला तरी गिऱ्हाईक फसणार नाही.

पावसाळ्याआधी सुताच्या पहिल्या लडी मिळाल्या तर यंदा पोटमाळ्यावरून उतरणाऱ्या काही घोंगड्या तरी हाती लागतील.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील जुन्या घोंगड्यांचे संग्राहक आणि दुरुस्ती कारागीर