वर्गणीचा रकाना

प्रिय सुहास,

सोव्हिएत संघ मोडल्यावर तिकडच्या शिक्षक संघटनांचं काय झालं, असं तू विचारलंस. पंधरा देश एका पत्रात मावायचे नाहीत, म्हणून फक्त जॉर्जियाचं सांगतो. संघटनेची नस पगारपत्रकात असते, हे तिथे फार स्वच्छ दिसतं.

सोव्हिएत काळात मुख्याध्यापक आणि शाळेचा शिपाई एकाच संघटनेत असत. पगाराच्या 1 टक्का वर्गणी परस्पर कापली जाई आणि आरोग्यधामात सुट्टी घालवायची चिठ्ठी संघटनेकडून मिळे. वाटाघाटींचा प्रश्नच नव्हता, कारण समोर बसणारा आपल्यातलाच. पुढे स्वतंत्र संघटना उभी राहिली, पण तिचंही पोट त्याच कपातीच्या रकान्यावर होतं.

2006 साली नवा कामगार कायदा आला. कलम 37 आणि 38 प्रमाणे एक महिन्याचा पगार हातात ठेवला की कारण न देता माणूस घरी पाठवता येई. कामगार निरीक्षण खातंही त्याच साली मोडीत काढलं. शिवाय मालकाने कुठल्याही दोन कर्मचाऱ्यांशी करार केला तरी तो 'सामूहिक' ठरे! सही करणारे दोघे प्रत्येक शाळेत सापडतातच.

मग 2010 मध्ये शाळांमधून संघटनेची कपात बंद पडली. मंत्रालयाने हे घडवलं आणि एक प्रतिस्पर्धी संघटना पुढे केली, अशी तक्रार थेट जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपर्यंत (ILO) गेली. काम किती सोपं बघ: हिशेबनिसाने एक ओळ गाळली की महिनाभरात तिजोरी कोरडी. म्हणून जाणती माणसं दोन गोष्टी सांगतात. संमतीचा अर्ज शाळेतल्या प्रतिनिधीने स्वतः भरून घ्यावा, मुख्याध्यापकाच्या टेबलावरून फिरवू नये, आणि एक प्रत संघटनेकडे ठेवावी. दुसरं, निदान काही सभासदांची वर्गणी त्यांच्या बँक खात्यातून थेट यावी. वसुलीला कटकट होते, थोडी गळतीही होते, पण ही वाट शाळेला बंद करता येत नाही.

2013 मध्ये कायदा सुधारला. बडतर्फीची कारणं ठरवून दिली. कामावरून काढलेल्याने 30 दिवसांत मागणी केली, तर मालकाने 7 दिवसांत लेखी कारण द्यायचं. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालचा त्रिपक्षीय आयोगही कायद्यात आला: सरकार, मालक, संघटना.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. तिथली प्रत्येक सरकारी शाळा कायद्याने स्वतंत्र संस्था आहे, म्हणजे शिक्षकाचा मालक मुख्याध्यापक. पैसा मात्र सरकार दर विद्यार्थ्यामागे देतं. पगारवाढ मागितली की मुख्याध्यापक म्हणतो, तिजोरी माझी नाही. मंत्रालय म्हणतं, नोकर माझे नाहीत. म्हणून मागण्या आधीच दोन भागांत पाडाव्यात. वेळापत्रक, जादा तास, शिस्तीची कारवाई हे शाळेशी. पगारश्रेणी आणि विद्यार्थ्यामागचा दर थेट मंत्रालयाशी. सगळं एकाच निवेदनात कोंबलं की दोघांनाही बोट दुसऱ्याकडे दाखवता येतं.

आणि एक गंमत. संघटना स्वातंत्र्याचा आंतरराष्ट्रीय करार क्र. 87 जॉर्जियाने 1999 मध्येच मान्य केला. भारताने अजून केलेला नाही. तू शिक्षक आमदारांच्या गोष्टी सांगत असतोस ना, त्यांना विचार एकदा.

तुझा,
मिलिंद