कोर्टही त्यांचंच, हरकतही त्यांचीच

कराड, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर म्हणालीस, "बाबा, समिती मीच मागितली होती. आता तिचा निकाल चुकला असं कुठल्या तोंडाने म्हणू?" मी नुसतं हं हं करत बसलो. तुझी आई नंतर माझ्यावर चिडली. पण हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय.

होस्टेलमधल्या त्या मुलीवर चोरीचा आळ आला. तिला विचारपूस न करताच काढणार होते, तेव्हा तू भांडून चौकशी समिती बसवायला लावलीस. त्याच समितीने एकीच्या "बहुतेक हीच होती" एवढ्यावर तिला दोषी ठरवलं. तुझा जीव का तुटतोय ते मला कळतं. याच जागी एक मोठा माणूस उभा राहिलेला आहे. त्यांचं नाव रॉबर्ट ब्लॅक, एडिनबरा विद्यापीठातले स्कॉट्स लॉचे, म्हणजे स्कॉटलंडच्या कायद्याचे, माजी प्रोफेसर.

त्यांचा जन्म १९४७ चा, गाव स्कॉटलंडमधलं लॉकर्बी. शाळा तिथली आणि डम्फ्रीसची. मग एडिनबराला कायदा, कॅनडात मॅकगिल विद्यापीठात पुढचं शिक्षण, थोडी वकिली, स्कॉटलंडच्या कायदा आयोगात काम आणि १९८१ मध्ये प्रोफेसरपद. स्कॉटलंडच्या सगळ्या कायद्याचा जो खंडामागून खंड कोश निघाला, त्याच्या संपादनात त्यांची बरीच वर्षं गेली. आयुष्य ग्रंथालयात आणि वर्गात सरळ निघून गेलं असतं.

पण २१ डिसेंबर १९८८ ला, संध्याकाळी सात वाजून गेल्यावर, लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान बाँबने फुटलं आणि नेमकं त्यांच्या गावावर कोसळलं. विमानातले २५९ गेले. शेरवुड क्रेसेंट नावाच्या गल्लीवर पेटलेला पंख पडला, तिथले ११ जण आपापल्या घरात गेले. विचार कर, तू एडिनबरात कायदा शिकवतेस आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या खूनखटल्यांपैकी एक तुझ्या शाळेच्या गावचा आहे.

१९९१ मध्ये लिबियाच्या दोन माणसांवर आरोप ठेवले गेले, अब्देलबासेत अल मेग्राही आणि लामिन फिमा. ब्रिटन-अमेरिका म्हणे, आमच्या ताब्यात द्या. लिबिया म्हणे, आमची माणसं आहेत, खटला आम्ही चालवू. संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले, तरी कोणी हललं नाही. ज्यांची माणसं गेली ते मात्र वाट बघत राहिले.

त्यांच्यात एक बाप होता, डॉक्टर जिम स्वायर. त्यांची फ्लोरा, डॉक्टरकी शिकणारी, चोविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्या विमानात गेली. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तुला फोन लावला होता. "सहज केला," म्हणालो होतो, आठवतं?

जानेवारी १९९४ मध्ये ब्लॅक यांनी तोडगा मांडला. कायदा स्कॉटलंडचा, पुराव्याचे नियम स्कॉटलंडचे, पण कोर्ट स्कॉटलंडच्या बाहेर, तटस्थ देशात. एरवी तिकडे गंभीर खटल्यात १५ जणांची ज्युरी बसते. ती इथे नको, कारण इतक्या वर्षांच्या बातम्या वाचलेली १५ माणसं मोकळ्या मनाने ऐकतील असा आरोपींना भरवसा नव्हता. त्याऐवजी न्यायाधीशांचं मंडळ. गृहस्थ स्वतः लिबियाच्या राजधानीत, त्रिपोलीला जाऊन आले. लिबियाकडून होकार लवकर आला, लंडन आणि वॉशिंग्टनला मात्र साडेचार वर्षं लागली. १९९८ मध्ये तर ते डॉक्टर स्वायरना बरोबर घेऊन लिबियाचे सत्ताधीश गद्दाफी यांना भेटले. कोशाची प्रुफं तपासणारा प्राध्यापक आणि मुलगी गमावलेला बाप, दोघं वाळवंटात खटला मागायला गेले! मला हे चित्र विसरता येत नाही.

शेवटी हॉलंडमध्ये कॅम्प झाइस्ट या जुन्या लष्करी तळावर कोर्ट उभं राहिलं. ब्लॅक यांच्या मूळ आराखड्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधीश होते, प्रत्यक्षात तीन स्कॉटिश न्यायाधीश बसले. ३ मे २००० ला सुनावणी सुरू झाली आणि ३१ जानेवारी २००१ ला निकाल लागला. फिमा निर्दोष, मेग्राही दोषी, जन्मठेप.

आता यातला पुरावा नीट बघ, तुझ्या कामाचा आहे. बाँबच्या सूटकेसमधल्या कपड्यांचा माग माल्टामधल्या एका कपड्याच्या दुकानापर्यंत लागला होता. दुकानदाराच्या पहिल्या जबाबात गिऱ्हाईक पन्नाशीचं, सहा फुटांच्या आसपास उंच. मेग्राही तेव्हा ३६ वर्षांचा आणि पाच फूट आठ इंच. पाऊस भुरभुरत होता म्हणून त्या गिऱ्हाइकाने छत्रीही घेतली होती. खरेदीची तारीख कोर्टाने धरली ७ डिसेंबर, आणि मेग्राही त्या दिवशी माल्टात होता. दुकानदाराने मेग्राहीकडे बोट दाखवलं ती ओळखपरेड झाली १९९९ मध्ये, घटनेनंतर दहा वर्षांनी. आपल्या तालुका कोर्टातला दोन वर्षांचा ज्युनिअरसुद्धा अशा साक्षीदाराला उलटतपासणीत सोडणार नाही.

आणि ब्लॅक बोलले. निकाल लागल्यावर लगेच बोलले, नंतर वर्षानुवर्षं लिहीत राहिले, की या पुराव्यावर ही शिक्षा टिकत नाही, हा न्यायाचा घात आहे. कोर्टाची कल्पना त्यांची, त्याचा मान त्यांना मिळालेला. गप्प बसले असते तर "लॉकर्बीचा खटला ज्याच्यामुळे उभा राहिला तो माणूस" म्हणून हार घेत फिरले असते. मेलेल्यांत त्यांच्या गावचीही माणसं होती, त्यामुळे "आरोपीची बाजू घेतोस?" हा प्रश्न त्यांच्या वाट्याला जास्तच बोचरा आला असणार. अमेरिकेतल्या कितीतरी कुटुंबांना निकाल योग्यच वाटतो, आणि त्यांच्या दुःखापुढे मी मान झुकवतो. पण डॉक्टर स्वायर पूर्ण खटला समोर बसून ऐकून आले आणि तेही ब्लॅक यांच्याच बाजूला उभे राहिले.

२००७ मध्ये, शिक्षा चुकीची झाली का ते तपासणाऱ्या स्कॉटलंडच्या फौजदारी पुनर्विलोकन आयोगाने प्रकरण पुन्हा अपिलाकडे पाठवलं. त्यात आयोगाने म्हटलं की खरेदी ७ डिसेंबरची मानायला पुरेसा आधार नाही. ओळखपरेडच्या चार दिवस आधी त्या दुकानदाराने एका मासिकात मेग्राहीचा फोटो पाहिला होता, हेही आयोगाने नोंदवलं. मेग्राहीला कॅन्सर झाला. त्याने अपील मागे घेतलं, २००९ मध्ये दयेपोटी सुटला, २०१२ मध्ये त्रिपोलीत वारला. घरच्यांनी पुन्हा अपील चालवलं, ते जानेवारी २०२१ मध्ये फेटाळलं गेलं. म्हणजे कागदावर ती शिक्षा आजही कायम आहे. ब्लॅक यांचं म्हणणं कोर्टाने मान्य केलेलं नाही, आणि त्यांनी ते सोडलेलंही नाही.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. खटला उभा करणं चूक होतं असं त्यांनी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. खटला हवाच होता. तो झाला म्हणून साक्षीदार शपथेवर आले आणि आज आपण त्या जबाबांतली उंची-वय मोजू शकतो. निकाल चुकला हे ज्याने खटला मागितला त्यालाच सगळ्यात आधी दिसलं, कारण काय अपेक्षित होतं ते त्याला पाठ होतं.

आता माझं सांगतो, आईलाही हे माहीत नाही. तू जन्मलीस त्याच्या आसपासची गोष्ट. ओढ्याकाठच्या बारा गुंठ्यांवरून दोन भावांचा दावा होता, धाकटा माझा पक्षकार. दावा रखडला म्हणून मीच सुचवलं, गावातले पंच नेमू आणि त्यांचं ऐकू. पंचांनी मोजणीचा नकाशा न बघता थोरल्याच्या बाजूने सांगितलं. नकाशा माझ्या पिशवीत होता. धाकटा माझ्याकडे बघत होता. पंच मीच सुचवलेले, आता काय बोलायचं, म्हणून मी नकाशा बाहेर काढला नाही. तो अजून मंडईत भेटतो, "वकीलसाहेब" म्हणून नमस्कार करतो, आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेतो.

तर मुक्ता, अर्ज लिही. समिती हवी होती आणि अजूनही हवी आहे, असं पहिल्याच परिच्छेदात लिही. मग निकालावर ये. आधी एवढं शोध, की ओळखणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं ते कोणी लिहून ठेवलंय का. व्हरांड्यात दिवा होता का, किती अंतरावरून पाहिलं, तिला आधी कोणी नाव सुचवलं होतं का. आरोप असलेल्या मुलीला आधी भेट, तिला विचारल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस.

मसुदा झाला की पाठव. मी अकरापर्यंत जागा असतो.

तुझा,
बाबा